उडत्या तबकड्या आणि सरकारी दप्तर

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन प्रश्न लगेच आले. पहिला असा, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत उडत्या तबकड्या कशाला? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात : पण सर, ते खरंच असतात का हो?

दुसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. आजवर जे सरकारी कागद खुले झाले आहेत त्यांत परग्रहावरून कोणी आल्याचा पुरावा नाही. ज्यांना तेवढंच हवं होतं ते चहा घ्यायला मोकळे. मला बोलायचं आहे ते कागदांबद्दल. दप्तर बंद असणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या इतिहासप्रेमींना नव्याने सांगायला नको. पुण्यातलं पेशवे दप्तर ब्रिटिश सरकारच्या कुलपात किती काळ होतं, आणि त्यातले निवडक कागद सरदेसाईंच्या संपादनाखाली ४५ खंडांत बाहेर यायला १९३० साल उजाडावं लागलं, हे इथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. दप्तर बंद असलं की त्यात काय असेल याच्या कथा तयार होतात. ते उघडलं की त्या कथा संपतात, अशी आपली समजूत असते. अमेरिकेत तसं झालं नाही. का झालं नाही, हा आजचा विषय.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. अमेरिकन सरकारने लोकांपासून काहीतरी लपवलं, हा आरोप खरा आहे. खरंच लपवलं. फक्त जे लपवलं ते त्यांचं स्वतःचंच होतं : त्यांचे फुगे, त्यांची विमानं, त्यांचे कान. पण त्यासाठी जी उत्तरं लोकांना दिली गेली ती इतकी अर्धवट होती, की पुढे खरं सांगायची वेळ आली तेव्हा ऐकणारा विश्वास ठेवायला तयार नव्हता.

सुरुवात १९४७ पासून करू. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाचा एक व्यावसायिक आपलं छोटं विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर पर्वताजवळून चालला होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू प्रचंड वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असं त्याने सांगितलं. आता गंमत बघा, बशी ही उपमा चालीची होती, आकाराची नव्हे. वर्तमानपत्रांनी ती आकाराला चिकटवली आणि ‘फ्लाइंग सॉसर’ हा शब्द जन्माला आला. आपण त्याचं ‘उडती तबकडी’ केलं. त्यानंतर लोकांना दिसू लागल्या त्या गोलच.

दोन आठवडे गेले. न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेल गावापासून बऱ्याच लांब, एका कुरणात, तिथल्या गुराख्याला काही अवशेष सापडले. रबराच्या पट्ट्या, चंदेरी कागद, बारीक काठ्या, चिकटपट्टी. त्याने ते गावात नेले, तिथून लष्कराला कळलं. रॉझवेलचा हवाई तळ म्हणजे साधासुधा नव्हे. अणुबाँब टाकू शकणारी जगातली त्या वेळची एकमेव तुकडी, ५०९ वा बाँबर गट, तिथेच होती. आणि अशा या तळाने ८ जुलैला चक्क पत्रक काढलं, की आमच्या हाती एक उडती तबकडी लागली आहे! काही तासांतच टेक्ससमधल्या वरिष्ठ कार्यालयातून जनरल रॅमी यांनी खुलासा केला : तबकडी वगैरे काही नाही, तो हवामानाचा फुगा होता. वर्तमानपत्रांनी अवशेषांचे फोटो छापले, लोक हसले आणि विसरले. पुढची तीस वर्षं रॉझवेलचं नाव कोणी घेत नव्हतं, हे लक्षात ठेवा.

आता कुरणात काय पडलं होतं? हवाई दलाने १९९४ साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, जे सांगितलं ते असं. १९४७ मध्ये अमेरिकेची सगळ्यात मोठी चिंता होती की सोव्हिएत संघ अणुबाँबची चाचणी करेल तेव्हा आपल्याला ते कळणार कसं? मॉरिस युइंग या भूभौतिकशास्त्रज्ञाची कल्पना होती की समुद्रात जसा एका ठरावीक खोलीवर आवाज हजारो मैल वाहून नेणारा थर असतो, तसाच वातावरणातही उंचावर असला पाहिजे. तिथे ध्वनिग्राहक टांगून ठेवला तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा स्फोट ऐकू येईल. या प्रकल्पाचं नाव मोगल. न्यूयॉर्क विद्यापीठाचा एक चमू न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोहून फुग्यांच्या माळा सोडत होता. वीसहून अधिक फुगे एकाखाली एक, सहाशे फुटांपेक्षा लांब माळ, आणि रडारला दिसावी म्हणून तिला चंदेरी कागदाचे परावर्तक टांगलेले.

इथे एक बारकावा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. फुगे गुप्त नव्हते. तेच फुगे हवामानखातं वापरत असे. परावर्तकही गुप्त नव्हते. गुप्त होता तो उद्देश. त्यामुळे रॉझवेलच्या अधिकाऱ्यांना आपल्या हाती काय आलं आहे हे कळणं शक्यच नव्हतं. रॅमींना तरी मोगलबद्दल माहिती होती का? तसा पुरावा सापडलेला नाही. ‘हवामानाचा फुगा’ हे त्यांचं उत्तर कदाचित प्रामाणिकपणे दिलेलं असेल. सामानाच्या दृष्टीने ते खरं, कामाच्या दृष्टीने खोटं. सरकार नावाचा प्राणी असाच बोलतो. बोलणाऱ्याला माहीत नसतं, माहीत असणारा बोलत नाही, आणि दोघांच्या मधे एक विधान लोकांपर्यंत पोहोचतं.

दरम्यान सोव्हिएत चाचणी ऑगस्ट १९४९ मध्ये झाली आणि अमेरिकेला ती कळली विमानाने गोळा केलेल्या हवेच्या नमुन्यांतून. फुग्यांचं काम मागे पडलं. गोपनीयतेचा शिक्का मात्र तसाच राहिला. ज्याचा उपयोग संपला त्याची गुप्तता संपत नाही, हा जगभरच्या दप्तरांचा नियम दिसतो.

आता पुढे सरकू. हवाई दलाने १९४८ मध्ये ‘साइन’, मग ‘ग्रज’ आणि मार्च १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’ असे प्रकल्प काढले. ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर हे काम चाले. कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट हे ब्लू बुकचे पहिले प्रमुख. ‘यूएफओ’ हा शब्द रूढ केला तो त्यांनी, तबकडी म्हटलं की लोक दात काढतात म्हणून. जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवार खुद्द राजधानीच्या विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले. लढाऊ विमानं पाठवली. २९ जुलैला जनरल सॅमफर्ड यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की हवेच्या थरांतल्या उष्णतेच्या उलट्या क्रमामुळे रडारला भास झाला असावा. ही बातमी अटलांटिक ओलांडून गेली. २८ जुलैला चर्चिल यांनी आपल्या हवाई मंत्र्यांना चिठ्ठी पाठवून विचारलं, की हे तबकड्यांचं प्रकरण आहे तरी काय? ब्रिटनकडे मी नंतर येतो.

वॉशिंग्टनच्या त्या दोन रात्रींनी सीआयए जागी झाली. तिला काळजी परग्रहवासीयांची नव्हती. तिचा हिशेब सरळ होता : लोकांनी तबकडी दिसली म्हणून फोनवर फोन केले, सगळ्या लाइनी अडून राहिल्या आणि नेमकी त्याच वेळी रशियन बाँबर विमानं आली तर? जानेवारी १९५३ मध्ये पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली पाच शास्त्रज्ञांची समिती बसली. लुईस अल्वारेझ, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, तेही तिच्यात होते. चार-पाच दिवसांत त्यांनी निष्कर्ष दिला : या घटनांपासून थेट धोका नाही, धोका आहे तो घबराटीपासून. म्हणून लोकांचं शिक्षण करा, या विषयाभोवतीचं गूढ काढून टाका. त्यासाठी वॉल्ट डिस्नेच्या कंपनीचा उपयोग होईल अशीही सूचना आहे. आणि तबकड्यांमध्ये रस असलेल्या खासगी मंडळांवर नजर ठेवा, हीसुद्धा.

मंडळी, निष्कर्षाशी माझं भांडण नाही. तेव्हाच्या परिस्थितीत तो बऱ्यापैकी शहाणपणाचा होता. पण ही समिती सीआयएने बोलावली हेच लपवून ठेवलं. पुढे अहवालाची जी काटछाट केलेली आवृत्ती बाहेर आली तिच्यात सीआयएचा उल्लेख गाळलेला होता. मग जेव्हा तो उल्लेख उघड झाला तेव्हा लोकांनी काय वाचलं? निष्कर्ष नाही वाचला. गाळलेलं नाव वाचलं.

याच सुमारास हवाई दलाने एक नियम काढला, क्रमांक २००-२. त्यात असं आहे, की एखाद्या घटनेचा उलगडा झाला असेल तरच तिची माहिती वार्ताहरांना द्यावी. उलगडा न झालेली घटना द्यायची नाही. कारकुनी दृष्टीने अगदी योग्य वाटतं ना? उगाच अफवा कशाला. पण परिणाम बघा. लोकांना कळतंय की सरकार सांगतं ते नेहमी ‘शुक्र होता’, ‘फुगा होता’, ‘विमान होतं’. न उलगडलेलं एकही नाही. मग बाकीचं कुठे जातं? इथे संशयाला जागा सरकारने स्वतः आखून दिली.

आणि मग आलं यू-२. ऑगस्ट १९५५ मध्ये नेवाडाच्या वाळवंटातल्या ग्रूम लेक इथे सीआयएच्या या टेहळणी विमानाची उड्डाणं सुरू झाली. प्रवासी विमानं त्या वेळी दहा ते वीस हजार फुटांवरून जात. यू-२ साठ हजारांच्या वर. आता कल्पना करा. संध्याकाळ आहे. तुम्ही वैमानिक आहात, तुमच्या उंचीवर सूर्य मावळला आहे, खाली काळोख आहे. पण साठ हजार फुटांवर अजून ऊन आहे. तिथे चंदेरी पंखांचं विमान चाललंय, त्याच्यावर ऊन पडतं आणि तुम्हाला वर एक पेटलेली वस्तू दिसते. त्या उंचीवर विमान असूच शकत नाही, हे तुमचं ज्ञान आणि तुमचा अनुभव दोन्ही सांगतात. तुम्ही प्रामाणिक माणूस आहात. तुम्ही हवाई दलाला पत्र लिहिता.

सीआयएचा यू-२ प्रकल्पाचा जो अंतर्गत इतिहास आहे, १९९२ साली लिहिलेला, त्यात पुढची हकीकत सांगितली आहे. ब्लू बुकचे लोक वॉशिंग्टनमधल्या प्रकल्प कार्यालयाला फोन करत आणि आलेली पत्रं यू-२ च्या उड्डाणांच्या नोंदींशी ताडून पाहत. नोंद जुळली की त्यांच्यापुरता उलगडा झाला. पण पत्र लिहिणाऱ्याला ते कसं सांगणार? त्याला खरं कारण सांगता येत नव्हतं. म्हणजे ज्या वैमानिकाने अचूक निरीक्षण केलं होतं, ज्याची उंचीही बरोबर होती, त्यालाच ‘तुमचा काहीतरी गैरसमज झाला’ असं सुचवणारं उत्तर जायचं. सगळ्या कथेत मला खटकतं ते हे. खोटं बोलण्याची गरज मला समजते, शीतयुद्ध होतं. पण त्याची किंमत मोजली ती नीट पाहणाऱ्या माणसाने.

पन्नास आणि साठच्या दशकांतल्या अर्ध्याहून अधिक नोंदी या टेहळणी विमानांच्याच होत्या, असा दावाही सीआयएच्या इतिहासकारांनी केला आहे. मला तो आकडा फुगवलेला वाटतो. यू-२ मोजकीच होती, आणि ब्लू बुकमधल्या असंख्य नोंदी रात्रीच्या, कमी उंचीच्या, अगदी साध्या दिव्यांच्या आहेत. खातं आपल्या गुपिताचं महत्त्व वाढवून सांगतं, हाही एक प्रकार असतो.

मार्च १९६६. मिशिगन राज्यात दलदलीच्या भागात बऱ्याच लोकांना दिवे दिसले. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक यांनी त्यातल्या काही घटनांबद्दल सांगितलं, की दलदलीतला वायू पेटला असावा. झालं! व्यंगचित्रकारांना महिनाभराचं काम मिळालं. मिशिगनचे लोक भडकले, कारण त्यांना आपली टिंगल झाली असं वाटलं. त्यांचे प्रतिनिधी होते जेराल्ड फोर्ड, सभागृहातले विरोधी पक्षनेते. लोकांना याहून चांगलं उत्तर मिळायला हवं म्हणून त्यांनी चौकशीची मागणी लावून धरली आणि ५ एप्रिलला संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. त्यातून कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांचा अभ्यास सुरू झाला. त्यांचा अहवाल १९६९ च्या आरंभी आला : यातून विज्ञानाला काही मिळण्यासारखं नाही. १७ डिसेंबर १९६९ ला ब्लू बुक बंद करण्यात आलं. एकूण नोंदी १२,६१८. त्यांतल्या ७०१ अनोळखी. हा ७०१ आकडा पुढे इतक्या वेळा उच्चारला गेला की तो जवळजवळ मंत्रच झाला. पण तो काय आहे? फाइलमधल्या माहितीवरून ठरावीक खणांपैकी एकाही खणात न बसलेल्या नोंदी. ‘अपुरी माहिती’ असा खण वेगळा होता, हेही सांगायला हवं. त्यामुळे त्या सगळ्या उडवून लावता येत नाहीत. आणि त्यांना तबकडी म्हणायचंही कारण नाही.

ब्लू बुकचं दप्तर सत्तरच्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय अभिलेखागारात आलं. मायक्रोफिल्मची ९४ रिळं. पाहणाऱ्यांची नावं खोडून. म्हणजे कागद सगळ्यांना खुला, पण ज्याने तो लिहिला तो माणूस गायब.

इथून गोष्टीत नवं पात्र येतं, ते म्हणजे कायदा. अमेरिकेचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा ४ जुलै १९६६ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी सही करून मंजूर केला, तोही मनाविरुद्ध, समारंभ न करता. सुरुवातीला तो फारच दुबळा होता. १९७४ मध्ये, वॉटरगेटनंतर, संसदेने त्याला दात बसवणारी दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीवर नकाराधिकार वापरणारे अध्यक्ष कोण? जेराल्ड फोर्ड! तेच, ज्यांनी आठ वर्षांपूर्वी लोकांना चांगलं उत्तर मिळावं म्हणून सुनावणी मागितली होती. संसदेने त्यांचा नकार फेटाळून दुरुस्ती मंजूर केली. खुर्ची बदलली की माणसाला फाइल वेगळी दिसते, यासाठी आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही म्हणा. आपल्याकडे महाराष्ट्राचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. त्याच्या कलम ८ मध्ये देशाच्या सुरक्षेचा अपवाद आहेच, आणि वीस वर्षं जुनी माहिती खुली करायची तरतूदही त्या अपवादापुढे थांबते. तेव्हा हा प्रश्न काही फक्त तबकडीवाल्यांचा नाही.

दुरुस्तीनंतर तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘ग्राउंड सॉसर वॉच’ या मंडळाने सीआयएला कोर्टात खेचलं. तोपर्यंत सीआयएचं म्हणणं होतं की रॉबर्टसन समितीनंतर आमचा या विषयाशी संबंध संपला. न्यायालयाच्या आदेशानंतर शोध घेतला तर निघाली सुमारे ९०० पानं. डिसेंबर १९७८ मध्ये ती देण्यात आली. ५७ कागद रोखून धरले. पानांत काय होतं? परदेशी वर्तमानपत्रांची कात्रणं, वकिलातींकडून आलेल्या तारा, किरकोळ टिपणं. कामाचं फारसं काही नाही. पण बातमी झाली ती ‘संबंध नाही म्हणत होते, ९०० पानं निघाली’ ही. आणि ती चुकीची म्हणता येईल का?

त्याहून बोलकं प्रकरण एनएसएचं. ही संस्था दुसऱ्या देशांचे संदेश चोरून ऐकते. १९८० मध्ये तिच्याविरुद्ध खटला झाला. न्यायाधीशांना सगळं सांगणं भाग होतं, म्हणून संस्थेने २१ पानांचं प्रतिज्ञापत्र फक्त त्यांनाच बंद खोलीत दाखवलं. ते वाचून त्यांनी निकाल दिला की कागद गुप्तच राहावेत. पुढे त्या प्रतिज्ञापत्राचीही मागणी झाली आणि ते मिळालं ते जवळजवळ संपूर्ण काळं. ओळीमागून ओळी खोडलेल्या. ती काळी पानं पुढे तबकडीवाद्यांचं निशाणच बनली. व्याख्यानात ती उंच धरून दाखवायची, बस्स, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. नंतर काळ्या पट्ट्या बऱ्याच कमी झाल्या तेव्हा दिसलं की रोखलेले कागद मुख्यतः परकी संदेशांचे उतारे होते. परदेशातले रडारवाले आपल्या वरिष्ठांना अनोळखी वस्तू दिसल्याचं कळवत आहेत आणि अमेरिकन ते ऐकत आहेत. म्हणजे काय ऐकलं हे गुपित नव्हतं, आपण ऐकतो हे गुपित होतं. मोगलचा फुगा आणि हे प्रतिज्ञापत्र यांत तत्त्वतः काहीच फरक नाही.

आता रॉझवेलकडे परत येतो. १९७८ च्या सुमारास जुने अधिकारी बोलू लागले, १९८० मध्ये पहिलं पुस्तक आलं आणि विसरलेला फुगा तबकडी होऊन परतला. नव्वदच्या दशकात न्यू मेक्सिकोचे खासदार स्टीव्हन शिफ यांनी संरक्षण खात्याला विचारलं तर त्यांना सरळ उत्तर मिळेना, इकडून तिकडे टोलवाटोलवी. मग त्यांनी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेला, जीएओला, कामाला लावलं. ती चौकशी सुरू झाल्यावर हवाई दलाने १९९४ चा मोगल अहवाल काढला. जीएओचा अहवाल जुलै १९९५ मध्ये आला. त्यांना आढळलं, की रॉझवेल तळाचे ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळातले जावक संदेश नष्ट झाले आहेत. हे कायमस्वरूपी जपायचे कागद होते. कोणी नष्ट केले, कधी, कोणाच्या आदेशाने, याची नोंद नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात कट दिसत नाही. तीन वर्षांचा सगळा गठ्ठा गेला आहे. लपवणारा माणूस जुलै १९४७ चे चार कागद काढेल, तीन वर्षं नाही. हे काम जागा रिकामी करणाऱ्या कारकुनाचं वाटतं. पण हे मी तुम्हाला पटवणार कसं? जो कागद माझी बाजू सिद्ध करेल तोच नाही. त्यामुळे त्या पोकळीत ज्याला जे हवं ते ठेवता येतं, आणि ठेवलंही गेलं.

हवाई दलाने मग एक घोडचूक केली. २४ जून १९९७, अर्नोल्डच्या घटनेला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, दुसरा जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. शीर्षकातच जाहीर केलं की प्रकरण संपलं. लोक जे परग्रहवासीयांचे मृतदेह सांगतात ते म्हणजे उंचावरून खाली टाकलेले चाचणीचे पुतळे, असं त्यात म्हटलं होतं. वार्ताहरांनी विचारलं, पण पुतळे टाकले ते पन्नासच्या दशकात, घटना १९४७ ची, हे कसं? उत्तर मिळालं की लोकांच्या आठवणींत काळ आकुंचन पावतो. स्मरणशक्तीबद्दल हे अगदी खरं आहे. पण पन्नास वर्षं हवामानाचा फुगा सांगणाऱ्याने ते सांगितलं की हशा पिकणारच. पिकला.

आता शब्द दिल्याप्रमाणे ब्रिटन. तिथे वेगळंच झालं. चर्चिल यांना उत्तर मिळालं की १९५१ मध्ये याचा अभ्यास झालाय, चिंता नसावी. तो अभ्यास-अहवाल पुढे हरवला आणि संशोधकांच्या पाठपुराव्यानंतर २००१ मध्ये सापडला. लोकांची पत्रं पाच वर्षांनी नष्ट करायची पद्धत होती, ती १९६७ मध्ये थांबली, त्यामुळे त्याआधीचं फारसं उरलं नाही. मग २००५ मध्ये माहितीचा कायदा अमलात आला आणि संरक्षण मंत्रालयाकडे तबकड्यांबद्दलच्या अर्जांची रीघ लागली. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळंच देऊन टाकू, असं त्यांनी ठरवलं. २००८ ते २०१३ मध्ये सुमारे ५२,००० पानं राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत खुली झाली.

ती पानं वाचण्यासारखी आहेत. त्यात गुपितं नाहीत म्हणूनच. निवृत्त पोलिसाचं पत्र आहे, शाळेतल्या मुलाचं चित्र आहे, आणि त्यांना सभ्य, कंटाळलेल्या इंग्रजीत उत्तर देणारा कारकून आहे : संरक्षणाच्या दृष्टीने यात महत्त्वाचं काही आढळलं नाही, आपण कळवलंत त्याबद्दल आभार. २००९ मध्ये नोंदी एकदम वाढून ६४३ झाल्या. त्यांतल्या पुष्कळशा कागदी कंदिलांच्या, लग्नकार्यात आत मेणबत्ती लावून सोडतात ना, तशा. आपल्या आकाशकंदिलाचे हे उडते चुलतभाऊ. त्याच वर्षाअखेर मंत्रालयाने ते टेबलच बंद केलं. ब्रिटनमध्ये शंका मिटल्या का? नाही. पण तिथला आवाज अमेरिकेइतका कडवट नाही, आणि त्याचं एक कारण मला हे वाटतं की तिथल्या कारकुनाच्या उत्तराखाली दुसरी फाइल फारशी नव्हती.

शेवटचा टप्पा आपल्या डोळ्यांसमोरचा, म्हणून भराभर. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पेंटॅगॉनच्या एका छोट्या, कमी माहीत असलेल्या प्रकल्पाची बातमी दिली. एप्रिल २०२० मध्ये नौदलाच्या वैमानिकांनी घेतलेले तीन व्हिडिओ अधिकृतपणे खुले झाले. जून २०२१ च्या अहवालात १४४ नोंदी तपासल्या. खात्रीने उलगडली ती एकच, आणि ती वस्तू होती हवा जात असलेला मोठा फुगा! फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवरून एक चिनी फुगा गेला, तो पाडला. त्यानंतर रडारच्या चाळणीची भोकं जरा बारीक केली, तर लगेच आणखी वस्तू दिसू लागल्या आणि तीन पाडल्यासुद्धा. आकाशात काय आहे हे चाळणीवर ठरतं, हे सत्तर वर्षांत बदललेलं नाही.

जुलै २०२३ मध्ये एका माजी गुप्तचर अधिकाऱ्याने संसदेपुढे शपथेवर सांगितलं की सरकारकडे परकी यानं आहेत असं मला लोकांनी सांगितलं. स्वतः पाहिल्याचं त्याने म्हटलं नाही. मार्च २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्याच कार्यालयाने ऐतिहासिक आढावा काढला : परग्रहाचा पुरावा नाही, अनेक दावे खऱ्या पण वेगळ्याच गुप्त प्रकल्पांच्या ओळखीतल्या घोटाळ्यातून आले आहेत. मला हा निष्कर्ष पटतो. पण तो कोणी दिला? ज्याच्यावर आरोप, त्यानेच. सिनेटर शूमर आणि राउंड्स यांनी केनेडी हत्येच्या कागदांसाठी १९९२ मध्ये केलेल्या कायद्याच्या धर्तीवर स्वतंत्र नऊ सदस्यांचं मंडळ सुचवलं होतं, ते डिसेंबर २०२३ च्या कायद्यातून गळलं. उरलं ते एवढं, की सगळ्या खात्यांनी आपापले कागद राष्ट्रीय अभिलेखागाराला द्यावेत. त्यासाठी ६१५ क्रमांकाचा स्वतंत्र संग्रह उघडला आहे आणि कागद हळूहळू येत आहेत. पंचवीस वर्षांनंतर रोखून धरायचं तर अध्यक्षांना तसं प्रमाणित करावं लागेल.

तुमच्यापैकी कोणी तो संग्रह उघडून पाहणार असेल, इंटरनेटवर काही भाग आहे, तर एक करा. मजकूर वाचण्याआधी कागदाच्या वरचा कोपरा पाहा. कोणी लिहिला, कोणाकोणाला प्रती गेल्या, शिक्का कुठला, आणि शिक्का उतरवल्याची तारीख कोणती. मग काळ्या पट्ट्या बघा : खोडलं आहे ते काय दिसलं हे, की कशाने पाहिलं हे? बहुतेक ठिकाणी दुसरं आढळेल. आणि कुठे पत्र लिहिणाऱ्या माणसाला दिलेलं उत्तर सापडलं, तर ते त्याच तारखेच्या आतल्या टिपणाशेजारी ठेवून वाचा.

वेळ होत आली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत.